दुधाची गाठ

माझ्या उजव्या स्तनात गाठ होती. ती दुधाची आहे असं आम्ही सगळेच समजत होतो: मी, माझ्या सासूबाई, माझा नवरा, आरोग्य केंद्रातले डॉक्टर. ती दुधाची नव्हती.

'स्तन' हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. आमच्याकडे बायका 'छाती' म्हणतात, आणि छातीत दुखतं म्हटलं की डॉक्टर नळी लावून ठोके ऐकतात. ठोके नीटच असतात. बाई घरी परत येते. एका शब्दाची लाज वाटते म्हणून किती बायका अशा परत आल्या असतील, हे मला माहीत नाही. पण वॉर्डात माझ्या आजूबाजूच्या खाटांवर ज्या होत्या, त्यातल्या बहुतेकींनी हेच सांगितलं.

हे मी त्या बाईसाठी लिहिते आहे, जी आज लेकराला पाजते आहे, जिच्या हाताला काहीतरी टणक लागतं आहे, आणि जी म्हणते आहे, धानाची रोवणी होऊ दे, सण होऊ दे, मग दाखवू. मला तिला घाबरवायचं नाही. पाजणाऱ्या बाईच्या बहुतेक गाठी दुधाच्याच असतात. विरून जातात. जी विरत नाही, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे.

कागदांचं घर

माझं माहेर पवनीचं. बाबा शिक्षक होते आणि शाळा सुटल्यावर पत्रकं वाटायचे. गुलाबी, पिवळ्या, स्वस्त कागदावर छापलेली. दारूवर, हुंड्यावर, अंगात येण्यावर, हगवण लागलेल्या लेकराचं पाणी तोडण्यावर. बाजाराच्या दिवशी ते सायकल घेऊन चौकात उभे राहायचे. आई मी चौथीत असताना काविळीने गेली. तेव्हापासून भाताला आधण ठेवायचं आणि भात शिजेपर्यंत पत्रकांच्या घड्या घालायच्या, हे माझं संध्याकाळचं काम. वाचायला मी त्या घड्यांवरच शिकले. वाद घालायलाही.

कॉलेजात असताना मी स्वतः पहिलं पत्रक लिहिलं. विषय: आईचं दूध. पहिलं चिकाचं दूध पिळून फेकू नका. मध चाटवू नका. सहा महिने वरचं पाणीसुद्धा देऊ नका. बाटली नको. दुधाच्या पावडरीचा डबा तर नकोच. आणि खालच्या बाजूला एक वाक्य होतं: 'पाजताना गाठ आली तर घाबरू नका, शेक द्या, पाजत राहा.' वाक्य बरोबर आहे. आजही बरोबर आहे. त्याच्यापुढे आणखी एक वाक्य हवं होतं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

लग्न होऊन मी कोंढ्याजवळच्या गावात आले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. धानाची शेती, तलावाकाठी घर. नवरा प्रवीण कोंढ्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. आत्याबाई पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायच्या ती अशी: "इच्या रुखवतात भांडे कमी अन् कागदंच जास्त होते, बाप्पा."

होळीच्या सुमारास मुलगी झाली. नाव बाबांनी ठेवलं, समता. घरात ती समू झाली. जन्मल्यावर लगेच मी तिला छातीशी घेतलं. आत्याबाई मधाची बाटली घेऊन उभ्या होत्या. मी नको म्हटलं.

"आमचे लेकरं मधावरच जगले," त्या म्हणाल्या.

"जगले ते, आत्याबाई. जे नाही जगले त्यांचं कोण सांगणार?"

त्यांनी बाटली पदराखाली घेतली. त्यांची दोन लेकरं गेलेली आहेत हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनीही ते सांगितलं नाही.

समू चांगली प्यायची. पिताना डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघायची आणि एका हाताने माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या धरून ठेवायची. माझं आयुष्य मी पत्रकांत लिहिल्यासारखं चाललं होतं. मला त्याचा गर्व होता, तो लपवण्यात अर्थ नाही.

फणी

रोवणीचे दिवस होते. आत्याबाई धानाच्या बांधीत चिखलात उभ्या राहून दुपारी घरी यायच्या. एकदा समूला घेताना त्यांचा हात माझ्या उजव्या बाजूला लागला.

"हे काय वो टणक?"

"दूध साचलं असेल."

"फणी फिरवली का?"

आमच्याकडे दूध गोठलं की लाकडी फणी कोमट करून स्तनावरून फिरवतात, वरून खाली, बोंडाकडे. शेकही बसतो, चोळणंही होतं, दूध सुटतं. पुष्कळदा गुणही येतो. मी पत्रकवाली, पण फणीला मी नाही म्हटलं नाही. शेक आणि चोळणं तर माझ्याच कागदात होतं.

आत्याबाईंची फणी त्यांच्या आईची होती. हाताच्या तेलाने काळी झालेली, एक दात तुटलेला. चुलीजवळ धरून त्या ती गरम करायच्या, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायच्या आणि मग फिरवायच्या. रोज दुपारी. हळू हातानं. हे मी सांगते आहे कारण पुढे त्यांच्या मनात जे बसलं, ते इथून सुरू झालं. माझी आई गेल्यापासून इतक्या हळुवार हाताने मला कुणी शिवलं नव्हतं.

गाठ विरली नाही. दुखतही नव्हती. दुखत नाही म्हणून आम्ही खूश होतो.

आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टरांनी पदरावरूनच दोन बोटांनी दाबलं, लोटलेलं दार ढकलून बघावं तसं. म्हणाले, "दुधाची गाठ आहे. शेक द्या, पाजत राहा." माझंच वाक्य मला परत मिळालं. मला ते लगेच पटलं.

मग समूने उजवीकडे प्यायचं सोडलं. डावीकडे लावलं की घटाघटा प्यायची, उजवीकडे नेलं की मान फिरवायची. मी कुशी बदलून पाहिली. बसून, झोपून, दूध पिळून तिच्या ओठाला लावून. तिने ओठ मिटून घेतले.

"तिकडलं दूध कडू झालं असन," आत्याबाई म्हणाल्या.

"दूध कडू नसतं होत, आत्याबाई."

"मंग तिलेच विचार नं, काहून नाही पेत थे."

तिला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. पुढे नागपूरच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, कधी कधी असं होतं. बाळ एकच बाजू सोडतं, आणि मागाहून कळतं की त्या बाजूला आजार होता. दर वेळी होत नाही. बाळ एक बाजू सोडतं त्याची साधी कारणंही खूप असतात. पण गाठ आहे, विरत नाही, आणि बाळ तीच बाजू टाळतं आहे, हे तिन्ही एकत्र असेल तर शेक देत बसू नका. सोनोग्राफी करा. पाजणाऱ्या बाईची सोनोग्राफी करता येते, तिला काही होत नाही, दुधालाही काही होत नाही.

हेच ते वाक्य, जे माझ्या पत्रकात नव्हतं: गाठ पंधरा दिवसांत विरली नाही तर तपासून घ्या, कुणी दुधाची म्हटलं तरी.

तो दिवस

भंडाऱ्याला सोनोग्राफी झाली. तिथून नागपूरला सुईने तुकडा काढला. निकालाच्या दिवशी प्रवीण, मी आणि समू. डॉक्टरबाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी कागद बघितला आणि विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?"

"सहावा सरत आला."

"अंगावर पितं?"

"फक्त अंगावरच. वरचं पाणीसुद्धा दिलेलं नाही." मी परीक्षेत उत्तर द्यावं तसं सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवला. मग त्या बोलल्या. कॅन्सर हा शब्द त्यांनी सरळ वापरला. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. आधी औषधं, मग ऑपरेशन, मग शेक, म्हणजे रेडिएशन. बरं होण्यासारखं आहे, पण खात्री देत नाही. प्रवीण तेच तेच विचारत होता, "पण दुधाची गाठ म्हणे ना?"

माझ्या डोक्यात आजार शिरलाच नव्हता. मी विचारलं, "आणि दूध?"

"औषधं सुरू व्हायच्या आधी बंद करावं लागेल. औषध दुधात उतरतं."

"डावीकडचं पाजलं तर? डावी बाजू चांगली आहे."

"शीतल, दोन्हीकडे रक्त एकच जातं."

"आजवर जे प्यायली त्याचं?"

"त्याने तिला काही होणार नाही. दुधातून कॅन्सर जात नाही. हे घरी सगळ्यांना सांग, कारण तुला हे विचारणार."

येताना पवनीच्या एसटीत प्रवीण मांडीवर फाइल धरून बसला होता, सांडेल अशी. उमरेडच्या आसपास समू जागी झाली आणि माझ्या पदरात तोंड घालून शोधू लागली. मी प्रवीणकडे बघितलं.

"पाज," तो म्हणाला. "औषध सुरू होईस्तोवर पाज म्हणली नं ते."

मी डावीकडे घेतलं. ती पीत होती आणि वर माझ्याकडे बघत होती. मला मरणाची भीती वाटायला हवी होती. वाटली ती दुसरीच: माझ्या अंगावरून ही तुटली की ही मला विसरेल. सहा महिन्यांचं लेकरू आईला कशाने ओळखतं? माझ्याकडे तिच्यासाठी दुसरं काही होतं का? पुढचे सगळे महिने मी औषधांशी भांडले असं लोक म्हणतात. मी या एका भीतीशी भांडत होते.

डबा

वरचं दूध म्हणून डॉक्टरबाईंनी डबा लिहून दिला, आणि सहा महिने झाल्यामुळे पेज, वरण.

डबा बाबांनी आणला. औषधाच्या दुकानात काय झालं ते मला तिथल्या पोरीकडून कळलं, जी शाळेत माझ्या वर्गात होती. बाबा दुकानात गेले आणि म्हणाले, तान्ह्या बाळाच्या दुधाचा डबा द्या. ज्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी डब्याविरुद्ध पत्रकं वाटली होती, तेच दुकान. मालक म्हणाला, "गुरुजी, तुम्ही? कोणासाठी?"

"माझ्या नातीसाठी."

"कागदात गुंडाळून देऊ का?"

"नको," बाबा म्हणाले. "दिसू दे."

सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून, डबा वर दिसेल असा ठेवून ते बाजारातून आले. माझ्यासमोर डबा ठेवला आणि त्यावर लिहिलेलं सगळं, बारीक अक्षरसुद्धा, मोठ्याने वाचून दाखवलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

डब्याच्या जाहिरातीला माझा विरोध होता आणि आहे. गोरं गुबगुबीत बाळ दाखवून, अंगावर दूध असलेल्या बाईला तुझं पुरत नाही असं सांगणं हा गुन्हा आहे. पण जिला पाजता येत नाही तिच्या हातातल्या डब्याकडे आम्ही पत्रकवाले कसे बघत होतो, तेही मला आता कळतं. आमच्या एकाही कागदावर तिच्यासाठी ओळ नव्हती. पाणी उकळून घ्या, वाटी-चमच्याने पाजा, बाटली नको, उरलेलं टाकून द्या. एवढं लिहायला किती जागा लागली असती?

तोडणं

शेजारच्या बाईने सांगितलं, कडुलिंबाचा पाला वाटून लावा, दोन दिवसांत सोडते. आमच्याकडे दूध असंच तोडतात. आत्याबाईंनी पाला आणला, पाट्यावर ठेवला आणि वाटलाच नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे दोन वर्साच्या लेकराले ठीक आहे. थे खेळात भुलून जाते. इले कडू लावलं तं हे आईलेच कडू समजन. मी नाही लावत."

त्यांनी पाला उचलून गाईपुढे टाकला. गाईनेही तोंड लावलं नाही.

शेवटी असं ठरलं की मी पवनीला बाबांकडे जायचं आणि समू इथे राहील. माझा वास नसेल तर शोधणार नाही. सकाळी, चांगल्या उजेडात, अंगणातल्या खाटेवर बसून मी तिला शेवटचं पाजलं. ती नेहमीसारखीच प्यायली. तिला काही माहीत नव्हतं. पिऊन झाल्यावर तिने ढेकर दिला आणि हसली. मी तिला आत्याबाईंच्या हातात दिलं.

"अंगावरची साडी सोडून ठेव," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"ठेव म्हणलं तं ठेव. धुवू नको."

पुढे प्रवीणने फोनवर सांगितलं. समू रडून रडून चमचा थुंकत होती. मग आत्याबाईंनी माझी न धुतलेली साडी स्वतःच्या अंगावर घेतली, पदर तिच्या तोंडाजवळ आणला आणि वाटीतलं दूध घातलं. तेव्हा प्यायली. मी पवनीला खोलीत बसून हे ऐकत होते आणि माझे दोन्ही स्तन दगडासारखे झाले होते. उजवा, जो ती सोडून बसली होती, तोसुद्धा गळत होता.

साडीचा वास किती दिवस टिकला, मी विचारलं नाही. काही दिवसांनी साडी लागेनाशी झाली, एवढं कळलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

वॉर्ड

बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच लागते. समू प्रवीणजवळ राहिली आणि आत्याबाई माझ्याबरोबर नागपूरला आल्या. सकाळी रक्त, मग वजन, मग वाट बघणं. सलाइन लावलं की हात थंड पडायचा. आत्याबाई पायाशी बसून सुपारी कातरायच्या आणि समोरच्या खाटेवरच्या तुमसरच्या काकूंशी बोलायच्या. काकूंचे दोन्ही स्तन काढलेले होते. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "काहून एवढी घाबरून राहिली? माह्ये दोन्ही गेले. आता मस्त पालथी झोपतो." वॉर्डभर बायका हसल्या. मीही हसले. निकालानंतर पहिल्यांदा.

दूध सुकायच्या गोळ्या चालू होत्या, तरी कुठे लेकरू रडलं की माझं वाहायचं. खालच्या मजल्यावरून आवाज आला तरी. ताण सहन होईना तेव्हा थोडं वाटीत काढायचं. पहिल्यांदा मी वाटी घेऊन बेसिनकडे निघाले, तेव्हा आत्याबाईंनी मनगट धरलं.

"कुठी चालली?"

"टाकायला."

"नालीत? मुंग्या-किडे खातीन. दूध आटन."

"आत्याबाई, आटावं म्हणूनच तर गोळ्या देऊन राहिले."

आपण काय बोललो ते त्यांना बोलल्यावर कळलं. मग म्हणाल्या, "डब्यात भरून दे. मी नदीत सोडतो घरी गेल्यावर."

"त्यात औषध उतरलं आहे. नदीत नको, झाडाला नको. नर्सबाईंनी सांगितलं आहे, इथेच टाकायचं."

माझा आवाज चढला होता. मला राग त्यांचा नव्हता. पण समोर त्याच होत्या. त्यांनी माझ्या हातातून वाटी घेतली, बेसिनपाशी गेल्या, नळ पूर्ण उघडला. पाणी जोरात वाहू लागलं तेव्हा वाटी तिरपी करून त्यांनी दूध त्या धारेत सोडलं, सावकाश, एक थेंब खाली पडू न देता. "आता वाहत्या पाण्यात गेलं," म्हणाल्या. "लेकरू त्याच्यावर वाढलं आहे."

पाणी वाया जातं यावर मी एक पत्रक लिहिलेलं आहे. मी नळ बंद केला नाही.

त्याच दिवशी डॉक्टरबाई आल्या तेव्हा आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. "एक विचारू का बाई? फणी फिरवल्यानं पसरते का हे?"

"नाही आजी. चोळल्याने, शेकल्याने कॅन्सर होत नाही, त्याने तो पसरलाही नाही. तुमच्या हाताने काही झालेलं नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांना ते पटलेलं नाही हे मला दिसत होतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण तेवढ्यात उलटी आली.

घरातलं घरात

गावात लोकांनी तेच विचारलं जे डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. लेकरू प्यायलं ना ते? मग त्याला? एका बाईने आपल्या नातवाला समूजवळून उचलून नेलं. मी ओट्यावरून सांगितलं, हा आजार लागत नाही, दुधातून नाही, उष्ट्यातून नाही, शिवण्यातून नाही. ती म्हणाली, "तुह्यं खरं असन माय, पण आपण कायले..." आणि गेली.

मी सगळं लिहून छापायचं ठरवलं. प्रवीण चिडला. लग्नानंतर पहिल्यांदा आमचं इतकं कडक भांडण झालं.

"घरातलं घरात राहू दे. उद्या समूच्या लग्नाच्या वेळी लोक हेच काढतीन."

"लोक बोलतील म्हणून मी गप्प बसू? गप्प बसल्यानेच..."

"तू पत्रकात बोलून राहिली, शीतल. मी घरात बोलून राहिलो. मी रोज तिच्या वाट्या उकळून राहिलो, तिले रात्रंदिवस घेऊन राहिलो, दुकान अर्धं बंद आहे. मले कोणी विचारलं का, कसा आहेस?"

मी विचारलं नव्हतं. पत्रकात वडिलांसाठीही ओळ नव्हती. हा मजकूर त्याने वाचला आहे. एका ठिकाणी त्याने दुरुस्ती केली. वाट्या वीस मिनिटं उकळतो असं मी लिहिलं होतं, तो म्हणाला, "एवढा गॅस कोणाकडे आहे? चांगली उकळी आली की बस."

ओळख

ऑपरेशन झालं. उजवा स्तन काढला. मग शेक. मधल्या काळात मी घरी यायचे तेव्हा समू माझ्याकडे बघायची, पाहुण्यांकडे बघतात तशी. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, अंगाला औषधाचा वास. मी हात पुढे केले की ती आत्याबाईंच्या खांद्यात तोंड घालायची.

"आई आहे थे तुही. जाय," आत्याबाई म्हणायच्या. मला त्यांच्या आवाजात दया ऐकू यायची आणि ती सहन व्हायची नाही.

भूक लागली की आत्याबाई. पडली की आत्याबाई. झोप आली की प्रवीणचा खांदा. मी तिच्या जगात एक बाई होते, जी खाटेवर पडलेली असते. ज्याची मला एसटीत भीती वाटली होती ते झालं होतं, आणि त्याच्यावर औषध लिहून देणारं कुणी नव्हतं. इथे एखादी युक्ती सांगता आली असती तर मी सांगितली असती. मला सुचली नाही. मी फक्त रोज तिच्या जवळपास बसत राहिले. तिची नखं कापणं मी मागून घेतलं. तिची पेज मी गाळायला लागले. डोस कोणता झाला, कोणता राहिला, लस टोचून आणायला कुणी जायचं, ताप आला तर अंग कसं पुसायचं. लेकराची रोजची कामं. ती माझ्या कडेवर येत नव्हती, पण मी तिच्या कामांत होते.

डॉक्टरबाईंनी सांगितलं आहे, दर काही महिन्यांनी यायचं. आत्ता काही दिसत नाही. पुढचं माहीत नाही.

आता पुन्हा रोवणीचे दिवस आहेत. माझे केस आले आहेत, बोटभर, आधीपेक्षा कुरळे. परवा मी भिंतीतल्या दिवळीत फणी शोधली. नव्हती. डोक्यावर केस नव्हते तेव्हा घरात फणी नाही हे कळायचं कारणच नव्हतं.

"आत्याबाई, फणी कुठे?"

त्या चुलीपुढे होत्या. वळल्या नाहीत. "जाळली," म्हणाल्या.

"कधी?"

"तू नागपूरले होती तवा."

त्यांच्या आईची फणी होती ती. वर्ष होत आलं, या बाईने माझ्या लेकराला वाढवलं, माझ्या उलट्या काढल्या, आणि आपल्याच हाताने सुनेला हे झालं असं मनात धरून बसली. डॉक्टरबाईंनी सांगूनही ते मनातून गेलं नाही. मी पत्रक वाचून दाखवलं असतं तरी गेलं नसतं.

बाजाराच्या दिवशी पवनीला गेले आणि लाकडी फणी घेतली. घरी आणून आत्याबाईंसमोर ठेवली. त्यांनी हात लावला नाही. फणी तशीच खाटेवर पडून राहिली.

समू आता चालते. तिने ती उचलली. आधी मांजराच्या पाठीवर फिरवली, मग गोधडीवर. प्लास्टिकच्या कंगव्याने आत्याबाई तिचे केस विंचरतात, ते ती रोज बघते. मग ती माझ्याकडे आली. माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि माझ्या पोलक्यावर, उजव्या बाजूला, जिथे आता सपाट आहे, तिथे फणी फिरवू लागली. वरून खाली.

आत्याबाईंच्या हातातली पळी भांड्यात पडली. त्या धावत आल्या आणि फणी काढून घ्यायला हात पुढे केला.

"राहू द्या, आत्याबाई," मी म्हटलं. "मला बरं वाटतं आहे."

त्यांचा हात तसाच राहिला. मग त्या जमिनीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या, आवाज न करता.

समूने आणखी दोनदा फणी फिरवली. मग ती माझ्या हातात दिली, पाठ केली, आणि विंचरून घ्यायला डोकं माझ्या पुढ्यात आणून उभी राहिली.